मुळाक्षरं पाठ, तरी वाचन नाही: अंगणवाडी ते पहिलीचा क्रम कसा लावावा

पहिलीतलं मूल ‘क कमळाचा, ख खडूचा’ घडाघडा म्हणतं. त्याच मुलासमोर पाटीवर ‘नाक’ लिहून बघा. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘न नळाचा, क कमळाचा’. नळ आला, कमळ आलं, नाक काही येत नाही. मग घरचे म्हणतात शाळेत शिकवत नाहीत, शाळा म्हणते घरी अभ्यास घेत नाहीत, आणि पोरगं दोघांच्या मध्ये अंकलिपी घेऊन बसतं.

यात मुलाचा दोष नसतो आणि कष्टही कमी पडलेले नसतात. क्रम उलटा लागलेला असतो. आधी लिहिणं, मग मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरलाच तर, गोष्ट. खाली दिलेला क्रम जवळपास याच्या उलट आहे. तो अंगणवाडीच्या ताईंसाठी, पहिलीच्या शिक्षकांसाठी आणि ज्यांच्या घरात तीन ते सात वर्षांचं मूल आहे अशा सगळ्यांसाठी आहे.

पोचायचं कुठे, ते आधी पक्कं करा. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाचं वाचन आणि गणित पक्कं व्हावं म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात अपेक्षा स्पष्ट आहेत. पहिलीच्या आधीच्या वर्षाअखेर दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचता यावेत. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचता यावं. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द, तेही समजून. तीन वर्षांच्या मुलाने ‘अ’ गिरवावा असं यात कुठेही म्हटलेलं नाही.

## तयारी: मुलं येण्याआधी

पुस्तकं. पंधरा-वीस पातळ चित्रपुस्तकं पुरतात. पानावर मोठं चित्र आणि खाली एक-दोन ओळी, एवढंच बघा. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स आणि ज्योत्स्ना प्रकाशन यांची अशी पुस्तकं मराठीत मिळतात. स्टोरीवीवर या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं फुकट आहेत आणि छापूनही घेता येतात. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद रंगांची चित्रं काळीठिक्कर येतात, म्हणून छापायला रेघांच्या चित्रांची पुस्तकं निवडा.

ही पुस्तकं कपाटात ठेवायची नाहीत. भिंतीला मुलांच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लावा. ‘फाटलं तर भरून कोण देणार’ ही भीती खोटी नाही. साठा नोंदवहीत पुस्तक एकदा चढलं की त्याला कुलूपच लागतं. म्हणून पर्यवेक्षिकांशी किंवा मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा की ही पुस्तकं वापरून झिजणार आहेत. चिकटपट्टीचं एक मोठं बंडल घेऊन ठेवा.

नावपट्ट्या. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू यासाठी उत्तम. प्रत्येक मुलाचं फक्त पहिलं नाव, ठळक आणि मोठं. शेजारी फूल, फुलपाखरू काढू नका. चित्र असलं की मूल चित्र ओळखतं, नाव नाही.

घरच्या बोलीची यादी. पाणी, भूक, शू, आई, दुखतंय, दे, ये, नको अशा वीसेक शब्दांना मुलांच्या घरी काय म्हणतात ते आयांना विचारा आणि मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. कोरकू, गोंडी, भिली किंवा गोरमाटी बोलणारी मुलं असतील तर ही यादी नसेल तर पहिले दोन महिने वाया जातात. शेजारच्या गल्लीतली मुलं असली तरी यादी करा, काहीतरी नवं निघतंच.

वेळ. रोज सलग ४० मिनिटं राखून ठेवा. अंदाजे १० मिनिटं गप्पा, १५ मिनिटं गोष्ट, १५ मिनिटं आवाजांचे किंवा अक्षरांचे खेळ. अंगणवाडीत मदतनीस आहाराच्या तयारीला लागल्या की ताई एकट्या पडतात, म्हणून हा वेळ त्याआधीच ठेवा. धाकट्यांना मदतनिसांनी मणी, ठोकळे घेऊन बसवलं तर थोरल्यांची गोष्ट नीट होते.

> तपासा: मुलाला मोठ्या माणसाला न विचारता पुस्तक हातात घेता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका, आधी सुतळी खाली घ्या.

## टप्पा १: गप्पा, रोज आणि खऱ्या

गप्पा म्हणजे प्रश्नोत्तरं नव्हेत. ‘सकाळी उठल्यावर आपण काय करतो?’ यावर सगळी मुलं एका सुरात ‘दाऽऽत घासतो’ म्हणतात, त्यात बोलणं काहीच होत नाही. असं विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत नाही. ‘काल पावसात तुमच्या घरात पाणी कुठून आलं?’, ‘बाजारातून काय आणलं?’, ‘म्हशीला काय झालं होतं?’

मूल एका शब्दात बोललं तर त्याचं वाक्य करून परत द्या. मूल म्हणालं ‘बैल’, तर तुम्ही म्हणा, ‘बैल आला होता? कुणाचा गं?’ आणि मग थांबा. हे थांबणंच जमत नाही. मनात पाच आकडे मोजा, मूल बोलतं.

वऱ्हाडातलं मूल ‘मी जाऊन राहिलो’ म्हणेल, सिंधुदुर्गातलं ‘माका व्हया’ म्हणेल. ‘असं नाही, नीट बोल’ असं एकदा ऐकलं की ते मूल आठवडाभर गप्प बसतं. त्याला उत्तर द्या, आणि देताना पुस्तकी रूप ओघात येऊ द्या: ‘तुला चेंडू हवाय? घे.’ ते रूप मुलाच्या कानावर पडलं, तेवढं बास.

> सावधान: हजेरीत बोलकी चार मुलंच रोज बोलतात. न बोलणाऱ्यांची नावं एका चिठ्ठीवर लिहा आणि रोज त्यातल्या दोघांशी, सगळ्यांसमोर नव्हे, शेजारी बसून बोला.

## टप्पा २: एकच गोष्ट, चार दिवस

रोज नवी गोष्ट हवी असं मोठ्यांना वाटतं. मुलांना तीच गोष्ट पुन्हा हवी असते आणि याबाबतीत मुलांचं बरोबर आहे. पहिल्यांदा ऐकताना सगळं लक्ष ‘पुढे काय’ यात जातं. शब्द, वाक्यांची चाल, पान उलटण्याची दिशा हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात पोचतं.

पहिला दिवस. आदल्या दिवशी पुस्तक स्वतः मोठ्याने एकदा वाचून या. दहा-बारा मुलं अर्धगोलात, सतरंजीवर. मुखपृष्ठ दाखवा, नाव वाचा, ‘यात काय असेल?’ एवढंच विचारा. मग वाचा, पुस्तक मुलांकडे तोंड करून आणि बोट ओळीखालून सरकवत. मध्ये फार तर दोनदा थांबा. पानापानाला प्रश्न विचारले की गोष्टीचा जीव जातो.

दुसरा दिवस. तीच गोष्ट. आज दोन-तीन अनोळखी शब्द पकडा. ‘डबकं’ आलं तर आपल्या गावात डबकं कुठे साचतं ते विचारा. शब्दाचा अर्थ सांगण्यापेक्षा तो मुलांच्या जागेत नेऊन ठेवा.

तिसरा दिवस. पुन्हा येणारी ओळ मुलांना म्हणू द्या. तुम्ही अर्ध्यावर थांबा, ती पुरी करतील. मग गोष्ट करून दाखवू द्या. कोल्हा तीन आणि ससा एकही नाही असं होईल, होऊ द्या.

चौथा दिवस. पुस्तक मुलांच्या हातात. मूल चित्रं बघत, ऐकलेली वाक्यं आठवत ‘वाचेल’. अक्षर एकही ओळखत नसेल, तरी पुस्तक सुलट धरणं, डावीकडून उजवीकडे जाणं, पान संपलं की उलटणं हे सगळं तो शिकलेला असेल. याला ‘नुसतं पाठ म्हणतोय’ म्हणून हिणवू नका.

सगळ्यात जास्त होणारी चूक गोष्टीच्या शेवटी होते: ‘तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?’ तात्पर्य विचारलं की मुलं ‘खोटं बोलू नये’ म्हणून मोकळी होतात. मग गोष्ट कुठलीही असो, कासवाची असली तरी उत्तर तेच. त्याऐवजी ‘तू त्या जागी असतीस तर?’ असं विचारा, किंवा काहीच विचारू नका.

> तपासा: चौथ्या दिवशी पाच मुलांना वेगवेगळं बोलावून गोष्ट सांगायला लावा. तिघांना तरी सुरुवात, मधली अडचण आणि शेवट सांगता यायला हवा. नसेल तर पुस्तक अवघड होतं किंवा घाईत वाचलं गेलं.

## टप्पा ३: घरचे, पहिल्याच आठवड्यापासून

हा टप्पा शेवटी ढकलला जातो, म्हणून मुद्दाम इथे ठेवला आहे. पहिली गोष्ट वर्गात झाली की लगेच घरच्यांना बोलवा.

सभा कधी? सकाळी ११ ला ठेवलेल्या पालकसभेला मजुरीवर जाणारी आई येऊ शकत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तर एक दिवस म्हणजे एक दिवसाची मजुरी. मुलांना न्यायला येतात तेव्हाची दहा मिनिटं घ्या, किंवा संध्याकाळी वस्तीवर जा. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी भरणाऱ्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात माता पालक गट तयार झालेले असतील तर तेच वापरा, नवे करत बसू नका. पण हेही सांगायला हवं की अनेक ठिकाणी गट म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यावर वरून आलेला व्हिडिओ पुढे ढकलला की काम झालं. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या आईपर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

सभेत काय? भाषण नको. मुलांसमोर गोष्ट वाचा आणि आयांना बघू द्या. मग एक पुस्तक एका आईच्या हातात द्या. इथे ठरलेलं वाक्य येतं: ‘ताई, मला वाचता येत नाही.’ पुस्तक परत घेऊ नका. पान उघडा आणि म्हणा, ‘वाचायचं नाही, चित्रात काय दिसतंय ते दोघं बोला.’ समजा पानावर बाजार आहे. आई म्हणेल, ‘ही बघ, वांगी.’ पोर म्हणेल, ‘ती बाई भांडतीये.’ आई म्हणेल, ‘भांडत नाही, भाव करतीये. परवा मी नाही का केला मेथीचा?’ या तीन वाक्यांत नवा शब्द आला, चित्राचा अर्थ लागला आणि तो स्वतःच्या अनुभवाशी जोडलाही गेला. सभेतल्या बाकीच्या आयांना हे थांबून दाखवा. शाळेत न गेलेली आईही हे करू शकते, हे सांगून पटत नाही, बघून पटतं.

घरी काय मागायचं? तीनच गोष्टी.

1. रोज काम करता करता दहा मिनिटं गप्पा. भाजी निवडताना, चूल पेटवताना, पाणी भरताना. वेगळा वेळ काढायला सांगू नका, तो नसतो.
2. आठवड्याला एक पुस्तक घरी. शुक्रवारी न्यायचं, सोमवारी आणायचं. नोंद मुलाने आपल्या नावपट्टीसमोर खूण करून ठेवायची.
3. आजी-आजोबांकडून एक गोष्ट, गाणं किंवा उखाणा. घरच्याच बोलीत. सोमवारी मूल ते वर्गात सांगेल. जात्यावरच्या ओव्या येणारी आजी असेल तर तिला थेट वर्गातच बोलवा.

घराला गृहपाठ देऊ नका. पाच पानं ‘क’ लिहून आणायला सांगितले की आईचा संध्याकाळचा वेळ दटावण्यात जातो आणि गप्पांचे दहा मिनिटं संपतात. शहरात हाच त्रास दुसऱ्या वाटेने येतो: इंग्रजी माध्यमाचं मूल, घरात मराठी, आणि गोष्ट कुठल्या भाषेत सांगावी हा प्रश्न. ज्या भाषेत तुम्हाला रागवता येतं, चिडवता येतं, लाडीगोडी लावता येते, त्या भाषेत सांगा. अडखळत्या इंग्रजीतून सांगितलेली गोष्ट मुलाला भाषाही देत नाही आणि गोष्टही देत नाही.

> सावधान: पालकांसमोर मुलांची तुलना करू नका. ‘तिची मुलगी बघा कशी वाचते’ हे एकदा बोललात की ती आई पुढच्या वेळी येणार नाही.

## टप्पा ४: डोळ्याआधी कान

अक्षर हे आवाजाचं चित्र आहे. आवाज सुटा ऐकू आला नाही तर चित्र कशाचं ते कळत नाही. म्हणून अक्षर दाखवण्याआधी तीन-चार आठवडे फक्त कानाचे खेळ. खडू-फळा बंद.

यमक. ‘गाडी’ला जुळणारा शब्द: माडी, साडी, वाडी, काडी. निरर्थक शब्दही चालतील. ‘टाडी’ म्हणणाऱ्या मुलाला चूक म्हणू नका, त्याला खेळ समजलाय.

टाळ्या. शब्दाचे तुकडे टाळ्यांनी मोजायचे. मा-मा, दोन. ब-टा-टा, तीन. इथे बहुतेक वर्गांत एक गफलत होते, ती नीट बघा. ताई म्हणतात, ‘भाकरी.’ मूल दोन टाळ्या वाजवतं. ताई म्हणतात, ‘चूक, तीन. भा-क-री.’ चुकलंय कोण? आपण बोलताना ‘भाक्-री’ म्हणतो, टाळ्या दोनच पडतात. ताईंच्या डोळ्यासमोर लिहिलेला शब्द आहे, मुलाच्या कानात बोललेला. ‘चिमणी’चं तेच, ‘बकरी’चं तेच. ‘घर’ला तर एकच टाळी पडते. नीट ऐकणाऱ्या मुलाला आपण चूक ठरवलं तर ते ऐकणं सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं.

म्हणून सुरुवातीला बोललेले तुकडे आणि लिहिलेली अक्षरं जुळतात असेच शब्द घ्या: मामा, गाडी, पोळी, टोपी, पाटी, शाळा, केळी, बटाटा, रताळे, पपई. भाकरी, चिमणी, कमळ नंतर.

पहिला आवाज. आधी अख्खा तुकडा सारखा असलेले शब्द: माती, माशी, मासा, मामी. ते सहज जमलं की मग मिरची, मुळा, मेथी घेऊन ‘म’ वेगळा काढा. थेट ‘म वरून शब्द सांगा’ म्हटलं की मुलं पाठ असलेला ‘मगर’ तेवढा सांगतात.

शेवटचा आवाज सगळ्यात अवघड. पहिलीत घ्या, अंगणवाडीत जमला नाही तर सोडून द्या.

> तपासा: ‘पाटी, पाणी, टोपी यातला वेगळा कोण?’ असं विचारा. दहापैकी सात मुलांना ‘टोपी’ सांगता आलं तर अक्षरांकडे वळा. एखादं मूल यमकही पकडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी हे नाव आठवणीने पुढे करा.

## टप्पा ५: अक्षरं, पण ‘अ’पासून नव्हे

मुळाक्षरांचा तक्ता उच्चाराच्या जागांप्रमाणे लावलेला आहे. तो सुंदर आहे, पण शिकायला सुरुवात करण्याचा क्रम तो नाही. ‘क, ख, ग, घ, ङ’ शिकून झाल्यावर मुलाला एकही कामाचा शब्द वाचता येत नाही. ज्यातून लगेच शब्द होतात असे चार-पाच अक्षरांचे गट करा आणि पहिल्याच गटात काना घ्या.

पहिला गट: क, म, न, ल आणि काना. एवढ्यात काका, मामा, नाना, नाक, कान, मान, काम, माल, लाल, कमान होतात. वाक्यही होतं: ‘नाना, नाक लाल का?’ ज्या दिवशी मूल हे वाक्य स्वतः वाचून हसतं, त्या दिवशी त्याला वाचन म्हणजे काय ते कळलेलं असतं.

दुसरा गट: ग, र, ब, स आणि दुसरी वेलांटी. बाग, बस, गाल, मासा, काकी, मामी, बकरी, सागर. ‘मामी बसली. बकरी सरकली.’ पुढचे गट असेच तुम्ही करा. त्यात तुमच्या गावाचं नाव जितक्या लवकर बसेल तितकं बरं.

गट करताना दोन पथ्यं पाळा. दिसायला सारखी अक्षरं एका गटात नकोत: भ-म, घ-ध, ब-व, प-ष, थ-य, ट-ठ-ढ. एक पक्कं झालं की दोन-तीन आठवड्यांनी दुसरं. आणि ‘ल’, ‘श’ यांचं मराठी वळण वर्गात एकच ठेवा. विकतच्या तक्त्यांवर आणि फोनवर ती अक्षरं हिंदी वळणाने येतात, मूल त्यांना वेगळीच अक्षरं समजतं.

एका गटाचा आठवडा असा: आधी बोलण्यातून शब्द (‘नाक’ दाखवा, म्हणा, तुकडे करा), मग तो लिहिलेला दाखवा, मग त्यातलं अक्षर वेगळं करा, मग त्या अक्षराने दुसरा शब्द बांधा. पत्त्यांएवढ्या अक्षरपट्ट्या करून मुलांनाच जुळवू द्या. ‘कान’ची ‘नाक’ कशी होते ते त्यांनी हाताने करून बघावं.

आता मोठी चूक. ‘क ला काना का, न ला काना ना.’ ही चाल बाराखडी म्हणताना गोड वाटते, वाचताना घात करते. ‘गाडी’ वाचणारं मूल म्हणतं, ‘ग ला काना गा, ड ला दुसरी वेलांटी डी’ आणि इथपर्यंत येता येता ‘गा’ विसरलेलं असतं. ‘का’ हे एकच चित्र, एकच आवाज असं शिकवा. क आणि का शेजारी ठेवा, म्हणा, फरक ऐकू द्या. कान्याचं नाव काना आहे हे सावकाश कळलं तरी चालेल.

जोडाक्षरं पहिलीच्या उत्तरार्धात. मात्र वर्गात स्वरा, आर्या, कृष्णा असतातच. त्यांची नावं अख्खी ओळखू द्या, फोडून दाखवू नका.

या टप्प्यात घराकडे जाणारी सूचना एकच: मूल मोठ्याने वाचताना अडलं तर तीन-चार क्षण थांबा, नाही जमलं तर तो शब्द सांगून टाका आणि पुढे चला. दर शब्दाला ‘परत बघ, नीट बघ’ म्हणू नका. बसच्या पाटीवर, दुकानावर, साबणाच्या वेष्टनावर ओळखीचं अक्षर शोधायला सांगा.

> तपासा: मूल पान पाठ म्हणतंय की वाचतंय? चित्र हाताने झाका आणि ओळीतल्या तिसऱ्या शब्दावर बोट ठेवा. मग शिकवलेल्याच अक्षरांचा, पण पुस्तकात नसलेला शब्द लिहा, जसं ‘कमाल’. तो आला तर गट पक्का. नाही आला तर नवा गट सुरू करू नका, वेळापत्रक काहीही सांगो.

## टप्पा ६: लिहिणं

बोटांत ताकद आल्याशिवाय पेन्सिल नको. शेंगा सोलणं, मणी ओवणं, कणकेचे गोळे, रांगोळीचे ठिपके जोडणं ही तयारी घरीच होते. हात धरून गिरवून घेण्याने मुलाचा हात तुमच्या हातामागे फिरतो, एवढंच.

रेघोट्या, मग अक्षरासारखे आकार, मग आपलं नाव, मग मनाचं लिहिणं असा प्रवास होतो. चित्र काढून झालं की ‘काय काढलंस?’ विचारा आणि मूल सांगेल ते वाक्य त्याच्या शब्दांत चित्राखाली लिहा. आपलं बोलणं कागदावर उतरलं हे त्याला दिसतं. पहिलीत मूल ‘भाक्री’ लिहील. ते खोडू नका. त्याने ऐकलं तसं लिहिलंय, म्हणजे टप्पा ४ नीट झालाय. तुमच्या उत्तरात ‘भाकरी’ बरोबर लिहा, तो बघेल. लाल शाई दुसरीपर्यंत कपाटात राहू दे.

## टप्पा ७: मागे राहणारी आणि मध्येच जाणारी मुलं

दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाबरोबर पाच मिनिटं बसा. गोष्ट सांगता येते का, टाळ्या जुळतात का, कुठला गट पक्का आहे, या तीन खुणा वहीत करा. जे मूल अडलंय त्याला तिथूनच पुढे न्या. वर्ग चौथ्या गटात आहे म्हणून पहिल्या गटात अडलेल्याला चौथा शिकवण्यात अर्थ नाही. रोज दहा मिनिटं अशा तीन-चार मुलांचा छोटा गट घ्या. सगळ्यांची अक्षरसंख्या एकाच वेळी पूर्ण झाल्याचं अहवालात दिसत असेल तर तो अहवाल खरा नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दसरा-दिवाळीनंतर जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहणं जमत असेल तर त्यासारखं नाही, पण धाकटी मुलं बहुधा आईबरोबरच जातात. गाडी भरण्याच्या आठ दिवस आधी त्या आईला भेटा, सामान बांधताना नव्हे. मुलासोबत एक पिशवी द्या: तोंडपाठ झालेल्या गोष्टीची दोन पुस्तकं, पाटी, अक्षरपट्ट्या, नावपट्टी. पुस्तकं परत येणार नाहीत असं धरूनच द्या. पिशवीत एक चिठ्ठी टाका, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत मूल बसलं तर तिथल्या ताईंना पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करावी लागणार नाही: ‘गोष्ट सांगते. क, म, न, ल, काना पक्कं. ग, र, ब, स चालू आहे. स मध्ये अडते. घरी गोरमाटी बोलतात.’